संगणकावरील वाङ्मय आणि त्याचे आश्रयस्थान

धर्मापुरीच्या केदारेश्वराच्या देवळापुढे आम्ही एकदा उभे होतो. आमच्याबरोबर एक तरुण मित्र होता. संगणकाच्या विद्येत मुरलेला, आणि इतिहासाकडे काहीशा कौतुकाने पाहणारा. देवळाच्या बाह्यांगावरील सुरसुंदरी पाहता पाहता तो म्हणाला, "हे कोणी बांधले, ते तुम्ही सांगितले. पण हे टिकवले कोणी?" आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचे, हे सांगणे सोपे होते. राजवंश बदलले, यादव आले आणि गेले, बहमनी, निजामशाही, मोगलाई, पुढे हैदराबादचे राज्य, 1948 सालची मुक्ती, एवढे सारे ह्या दगडांवरून गेले. बांधणाऱ्याचे नाव इतिहासाने राखले. राखणाऱ्यांचे राखले नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय आम्हांला ह्या प्रश्नातून सुचला. विषय मात्र देवळांचा नाही. संगणकाच्या पडद्यावर जन्माला येणारे वाङ्मय आणि कला, आणि त्यांना आश्रय देणाऱ्या संस्था, हा तो विषय होय.

श्रोत्यांना ही उडी फार लांबची वाटेल. म्हणून ह्याच परिसरातून एक पायरी घेऊ. मध्ययुगात दान देणारा राजा किंवा सेनापती नुसते दान देऊन थांबत नसे. दानाचा लेख दगडावर कोरला जाई, आणि हे दान चंद्रसूर्य असेतोवर, म्हणजे 'आचंद्रार्क', चालावे असे त्यात लिहिले जाई. शिवाय जो कोणी ते मोडील त्याला शाप. गद्धेगाळ म्हणून ओळखले जाणारे शापाचे दगड महाराष्ट्रात अनेक ठिकाणी उभे आहेत. शापाची भाषा ग्राम्य आहे, परंतु तिच्यामागील व्यवहारज्ञान पक्के आहे. वस्तू निर्माण करणे वेगळे आणि ती चालू ठेवण्याची तजवीज करणे वेगळे, हे त्या माणसांना कळत होते. अंबाजोगाईस सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर ह्याच्या काळचे लेख आहेत. त्यांतला एक शके 1150 चा, म्हणजे इ. स. 1228 चा. लेख आज वाचता येतो. लिपी बदलली, भाषा बदलली, तरी तो वाचण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

अंबाजोगाईतच दुसरे एक उदाहरण आहे, आणि ते आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे. दासोपंतांची (1551–1615) पासोडी श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सुमारे चाळीस फूट लांबीचे खादीचे कापड, आणि त्यावर पंचीकरणाचा विषय ओव्यांनी व आकृत्यांनी मांडलेला. लेखन आणि चित्र येथे एकमेकांत गुंतलेले आहे. पोथीप्रमाणे पान उलटून ती वाचता येत नाही; तिच्यापुढून चालत जावे लागते, मागे यावे लागते, एका आकृतीवरून दुसरीकडे नजर न्यावी लागते. पासोडीचा मजकूर पुस्तकात छापला, तर ओव्या येतील, पासोडी येणार नाही. जिचे माध्यम काढून घेतले असता जिचा अर्थही अर्धा निघून जातो, अशी ही कृती आहे. ती आजवर राहिली ती अंबाजोगाईतील दासोपंतांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली म्हणून.

संगणकावरील वाङ्मय म्हणजे काय, हे समजावून देण्यास आम्हांला पासोडीहून चांगला दाखला सापडलेला नाही. छापील कादंबरी संगणकावर वाचावयास मिळाली, एवढ्याने ती ह्या वर्गात मोडत नाही. ती कादंबरीच राहते, फक्त कागद बदलतो. ह्या वर्गातील कृती संगणकावाचून अस्तित्वातच येऊ शकत नाही. वाचक एखाद्या शब्दाला स्पर्श करतो आणि कथा एका वाटेने जाते. दुसऱ्या शब्दाला स्पर्श करतो आणि ती दुसऱ्याच वाटेने जाते. कवितेतील अक्षरे सरकतात, विरतात, आवाज देतात. मायकेल जॉइस ह्या अमेरिकन लेखकाची 'आफ्टरनून' नावाची कथा 1987 च्या सुमारास ह्या पद्धतीने रचली गेली, आणि तीपासून ह्या प्रकाराचा इतिहास सांगण्याची रीत पडली आहे.

1999 साली शिकागो येथे स्कॉट रेटबर्ग, रॉबर्ट कूव्हर आणि जेफ बॅलो ह्या तिघांनी ह्या वाङ्मयासाठी एक संस्था काढली. तिचे नाव 'इलेक्ट्रॉनिक लिटरेचर ऑर्गनायझेशन'. कूव्हर हे नामांकित कादंबरीकार. बॅलो हे संगणकाच्या व्यवसायातले. काळ असा होता की, संगणकाच्या धंद्यात पैशाचा पूर आलेला होता. संस्थेचा पहिला उत्साह अर्थातच लेखकांना उत्तेजन देण्याचा होता. 2001 साली तिने दहा दहा हजार डॉलरांची दोन पारितोषिके दिली. एक कथेसाठी, ते केटलिन फिशर ह्यांना मिळाले, आणि एक कवितेसाठी, ते जॉन केली ह्यांना. आपल्याकडे 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली तिची येथे आठवण होते. नवे वाङ्मय हवे, तर लिहिणाराला बक्षीस द्या, हा दोन्हींकडचा हिशेब एकच.

पण थोड्याच दिवसांत पूर ओसरला. त्या धंद्यातला पैसा आटला, देणगीदार मागे सरले आणि संस्थेला विद्यापीठाच्या वळचणीला जावे लागले; प्रथम लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, नंतर मेरीलंड येथे, पुढे आणखी इतरत्र. ह्या ओढाताणीत संस्थेच्या चालकांना एक गोष्ट उमगली, आणि आमच्या मते ह्या सगळ्या इतिहासात तीच सर्वांत मोलाची आहे. ज्या कृतींना आपण बक्षिसे देतो त्या दहा वर्षांनी उघडणारच नाहीत! यंत्र बदलते, यंत्रावरची आज्ञावली बदलते, आणि जुनी कृती मुकी होते. 2004 साली निक माँटफर्ट आणि नोआ वॉर्ड्रिप-फ्रुइन ह्यांनी संस्थेतर्फे एक छोटी पुस्तिका काढली. कृती अशा तऱ्हेने करा की पुढे ती राखता येईल, असा लेखकांना सल्ला देणारी. 2006 साली साठ कृतींचा पहिला संग्रह निघाला, तो तबकडीवरही निघाला आणि महाजालावरही. 2016 साली तिसरा संग्रह आला, त्यात 114 कृती आणि तेरा भाषा होत्या. उत्तेजन देणारी संस्था अशा रीतीने जतन करणारी संस्था बनली.

तिची भीती खोटी नव्हती. ह्या प्रकारच्या कितीतरी कृती 'फ्लॅश' नावाच्या आज्ञावलीवर उभ्या होत्या. 31 डिसेंबर 2020 रोजी त्या आज्ञावलीला तिच्या मालक कंपनीने निरोप दिला. शापाचा दगड नव्हता, आचंद्रार्काचे वचन नव्हते. तारीख आधी जाहीर झालेली होती, एवढेच. त्यानंतर ज्या कृती वाचल्या त्या कोणीतरी मुद्दाम वाचवल्या म्हणून वाचल्या.

आता आपल्याकडे वळू. मराठीत ह्या विषयाचा आरंभ वाङ्मयापासून होत नाही, अक्षरांपासून होतो. ते स्वाभाविकच आहे. छपाईच्या बाबतीतही तेच घडले होते. जावजी दादाजी ह्यांनी 1864 साली मुंबईत टाइपांचा कारखाना काढला आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. आधी ठसा, मग ग्रंथ. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी टाइप घासण्याचे काम केलेल्या ह्या माणसाने देवनागरीला जे वळण दिले, त्या वळणात पुढे कित्येक पिढ्यांनी संस्कृत आणि मराठी वाचले. त्यांना कोणी वाङ्मयसेवक म्हटले नाही तरी चालेल, परंतु त्यांच्यावाचून त्या काळच्या वाङ्मयसेवकांचे पान हलले नसते.

संगणकावरील देवनागरीचे जावजी दादाजी एक नाहीत, पुष्कळ आहेत. कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेत ऐंशीच्या दशकाच्या आरंभी भारतीय लिप्यांचे काम सुरू झाले. त्यात मोहन तांबे ह्यांचा वाटा मोठा. 1988 साली पुण्यास 'सी-डॅक' ही सरकारी संस्था निघाली आणि ते काम तिच्याकडे आले. 1991 साली भारतीय लिप्यांच्या संकेतांचे प्रमाण ठरले. म्हणजे 'क' ह्या अक्षराला कोणता अंक, 'ख' ला कोणता, हे सर्व यंत्रांसाठी एक झाले. त्याच वर्षी 'युनिकोड' हे जगातील सर्व लिप्यांसाठी योजलेले प्रमाणही प्रथम प्रसिद्ध झाले. त्यातील देवनागरीची मांडणी आपल्याकडील ह्याच कामाच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे.

ह्या कोरड्या वाटणाऱ्या अंकांत वाङ्मयाचा जीव कसा अडकलेला असतो, ते एका उदाहरणाने सांगतो. 'आचार्यास दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा दिली', ह्या दोन वाक्यांत देणारा एकच, घेणारा निराळा. एक पंडित, दुसरा स्वयंपाकी. फरक केवळ एका अर्ध्या 'र'चा. हिंदीला ह्या दुसऱ्या 'र'ची गरज नाही, मराठीला आहे; म्हणून त्याच्यासाठी युनिकोडात निराळी सोय असावी लागली. 'ॲ' हे अक्षर तर त्या प्रमाणात 2008 साली आले. 'ॲ' नसताना मराठी माणूस काय करीत होता? 'अ‍ॅ' असे जोडकाम करीत होता, आणि ते जोडकाम एका यंत्रावर नीट दिसे, दुसऱ्यावर फुटे. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 रोजी देवनागरी लिपी व वर्णमाला ह्यांविषयी निर्णय काढला, त्याच्या मागे हा सर्व गोंधळ होता.

येथे रघुनाथ कृष्ण जोशी ह्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. रघुनाथराव मूळचे सांगलीकडचे, जन्म 1936 चा. जाहिरातीच्या व्यवसायात नाव मिळवले, सुलेखनाचे गुरू झाले, पवईच्या तंत्रविद्या संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवले, आणि मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांच्या संगणकीय अक्षरघडणीवर वर्षानुवर्षे काम केले. मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांवर जो 'मंगल' नावाचा देवनागरी टंक जगभर गेला तो त्यांच्या हातचा. पण ते नुसते टंककार नव्हते. ते कवी होते, आणि त्यांची कविता पानावर अक्षरांची मांडणी करून उभी राहणारी होती. अक्षराचा आकार, त्याची जाडी, त्याचे पानावरील स्थान हाच तिचा अर्थ. संगणकावरील मराठी काव्याचा पूर्वज शोधावयाचा तर तो दासोपंतांच्या पासोडीत आणि रघुनाथरावांच्या अक्षरांत शोधावा, असे आमचे मत आहे. 2008 साली अमेरिकेत असताना त्यांचे निधन झाले. कवी, सुलेखनकार आणि संगणकविद् ह्या तिघांना एका खोलीत आणणारा माणूस त्यांच्यानंतर मराठीला त्याच तोलाचा मिळाला असे आम्हांला वाटत नाही. कोणास मिळालेला ठाऊक असल्यास आम्हांला आनंदच होईल.

आता संस्थांचा विचार करू. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ 1960 साली स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. विश्वकोशाचे काम वाईस चालले. पहिला खंड 1976 साली निघाला. ह्या विश्वकोशाचे खंड पुढे महाजालावर सर्वांसाठी खुले झाले. 1992 च्या महाराष्ट्रदिनी राज्य मराठी विकास संस्था निघाली. तिने दुर्मिळ मराठी ग्रंथांच्या संगणकीय प्रती करण्याचे काम हाती घेतले. सरकारबाहेरही उद्योग झाले. 1996 च्या गणेशचतुर्थीस अमेरिकेतील मराठी माणसांनी 'मायबोली' सुरू केली, आणि परदेशी बसून मराठीत लिहिणारा एक वर्गच तीतून तयार झाला. 1 मे 2003 पासून मराठी विकिपीडिया आहे. ई-साहित्य प्रतिष्ठानाने मराठी पुस्तके विनामूल्य घरोघर पोचवली. ह्या सर्वांचे आम्ही ऋणी आहो. हैदराबादच्या राज्यात मराठी पुस्तक मिळवण्यासाठी काय यातायात करावी लागे, ते ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना धर्मापुरीसारख्या गावी बसून विश्वकोशातील नोंद वाचता येणे ही लहान गोष्ट वाटणार नाही.

तरीही एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ह्या संस्थांचे बहुतेक काम कागदावरचे पडद्यावर आणण्याचे आहे. पडद्यावरच जन्मलेले, कागदावर कधीच न आलेले जे मराठी लेखन आहे, ते राखणे हे कोणाचे नेमून दिलेले काम? कलेच्या प्रांतात मुंबईने थोडी वाट दाखवली आहे. मजलिस, पॉइंट ऑफ व्ह्यू आणि पुढे 'कॅम्प' म्हणून ओळखला जाणारा कलावंतांचा गट, ह्यांनी बंगळूर व बर्लिन येथील सहकाऱ्यांसह 2008 साली 'पॅड.मा' नावाचा चलच्चित्रांचा खुला संग्रह उभारला. चित्रपट पुरा होताना जे चित्रीकरण गाळले जाते ते तेथे टिपांसह ठेवता येते, आणि दुसऱ्याला वापरता येते. दिल्लीस 2000 साली निघालेल्या 'सराय' ह्या उपक्रमाने हिंदीसाठी असेच मोलाचे काम केले. मराठी वाङ्मयासाठी मात्र अशी जागा आम्हांस दिसत नाही.

एक स्वतःचा अनुभव सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी आम्ही ह्या भागातील जुन्या गायकांच्या व कीर्तनकारांच्या आठवणी जमवल्या होत्या. मजकूर एका टंकलेखकाने संगणकावर उतरवला आणि फ्लॉपीवर दिला. छापताना पाने कमी पडली, तेव्हा निम्म्या आठवणी वगळल्या. फ्लॉपीवर आहेतच, पुढे छापू, असे म्हणालो. पुढे म्हणजे बारा वर्षांनी ती फ्लॉपी वाचणारे यंत्र मोठ्या खटपटीने मिळवले. मजकूर उघडला. पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, चौकोन आणि कंस ह्यांचा पाऊस! त्या काळी प्रत्येक टंकाचे संकेत आपापले असत. रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. टंक हरवला की मराठीही हरवली. तो टंक विकणारे दुकान बंद झालेले होते. आमच्या त्या तरुण मित्राने संकेतांची जुळणी लावून जवळजवळ सारा मजकूर सोडवला; काही ओळी सुटल्या नाहीत त्या नाहीतच. सांगणारी माणसे तोवर गेलेली होती, त्यामुळे पुन्हा विचारणार कोणाला? दोष टंकलेखकाचा नव्हे. हस्तलिखित कागद आम्हीच रद्दीत दिले होते.

1985 ते 2005 ह्या वीस वर्षांत मराठीत जे संगणकावर लिहिले गेले, त्यातले किती अशा अवस्थेत कोणाच्या कपाटात पडून असेल, ह्याचा विचार मनात आला की बेचैनी येते. दिवाळी अंकांची टंकने, नाटकांच्या संहिता, कवींच्या पहिल्या प्रती! मोडी लिपीतील कागद वाचणारे आज थोडे आहेत, पण आहेत. शिकवणारे वर्गही चालतात. ह्या वीस वर्षांच्या मोडीचे वर्ग कोणी काढलेले नाहीत.

राजवाड्यांनी 1909 साली जी ज्ञानेश्वरी छापली ती बीडकडेच मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून. पोथी कोणाच्या तरी घरात राहिली, म्हणून तिचा पाठ छापता आला. 1910 साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर असे दफ्तर ठेवण्यास हक्काची जागा झाली. चित्रपटांचे तसे झाले नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास निघाले 1964 साली. मधल्या एक्कावन्न वर्षांत बहुतेक सारे मूकपट नाहीसे झाले होते. पी. के. नायर ह्यांनी गावोगाव, घरोघर फिरून उरलेसुरले गोळा केले. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'चे भाग हाती लागले ते त्यांच्या खटपटीने. आणि जमवलेल्यांपैकी काही पुन्हा 2003 सालच्या आगीत गेले. नव्या कलेची योग्यता समाजाला उशिरा पटते. पटेपर्यंत ती राहिली पाहिजे, एवढाच आमचा मुद्दा.

कायद्याकडून मदत होईल काय? 1867 च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारात नोंद करणे भाग पाडले. हेतू राजकीय होता, उपयोग वाङ्मयीन झाला. 1954 च्या कायद्याने पुस्तकाच्या प्रती कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना देणे प्रकाशकांवर बंधनकारक केले. तो कायदा छापील पुस्तकांचा आहे. पडद्यावरच्या कृतीला त्यात जागा नाही. 1867 चा कायदा जाऊन 2023 साली नवा आला, त्यातून तर पुस्तकेही वगळली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांस झाला आहे, आम्हांसही. अभिजाततेच्या निमित्ताने जुन्या ग्रंथांकडे लक्ष जाईल, ते जावेच. परंतु विवेकसिंधूची प्रत आज नाहीशी होण्याचे भय नाही. 1999 साली कोणा तरुणाने संगणकावर केलेल्या मराठी कवितेचे आहे.

शंकर गणेश दाते ह्यांनी 'मराठी ग्रंथसूचि' केली; पहिला भाग 1943 साली निघाला, त्यात 1800 पासून 1937 पर्यंतचे ग्रंथ. एका माणसाने, मोठे द्रव्यबळ पाठीशी नसताना, ग्रंथालये धुंडाळून केलेले हे काम आहे. संगणकावरील मराठी कृतींची अशी सूची करावयाची तर दात्यांच्या रकान्यांत भर घालावी लागेल: कृतीचे नाव, कर्ता, वर्ष, ह्यांबरोबरच कोणते यंत्र, कोणती आज्ञावली, कोणता टंक, आणि ती आज कोठे उघडते, कोणाकडे आहे. शेवटचा रकाना भरण्यास कोणी विद्वान लागत नाही. आमच्या तरुण मित्राने धर्मापुरीहून परतताना गाडीतच पहिल्या बारा नोंदी लिहून काढल्या. त्यांतल्या चार कृती कोठेच उघडत नव्हत्या. त्यांच्यापुढे त्याने कर्त्यांचे पत्ते तेवढे लिहून ठेवले आहेत.